आकाराची करामत : अब्जांश जगातील अतिसंवाहकता

सोलापूर : ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारितेवर जोडले गेले. देशाच्या ऊर्जेच्या इतिहासात सोलापूरचे नाव त्या दिवशी नोंदले गेले. या वाहिनीचा दाब एवढा प्रचंड का ठेवला, याचे उत्तर शालेय पदार्थविज्ञानात आहे. तारेतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाला तारेचाच विरोध होतो आणि विजेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दाब वाढवायचा, प्रवाह कमी ठेवायचा आणि हानी आटोक्यात आणायची. हानी कमी होते, संपत नाही. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात या तारा आणखी तापतात, लांबतात आणि झोळ घेऊन खाली येतात, हे महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही दिसू शकते.

विरोधच शून्य असलेला पदार्थ मिळाला तर? असे पदार्थ शंभराहून अधिक वर्षांपासून ज्ञात आहेत. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत एवढ्यावरच त्यांचे वागणे ठरते, असा समज दीर्घकाळ होता. तो अपुरा आहे. तोच धातू, तेवढाच शुद्ध, त्याच तापमानाला. पण त्याची पट्टी केली, कडे केले, चौकोन केला किंवा अर्धगोलाकार कण केला, तर त्याची अतिसंवाहकता वेगवेगळी असते. या शोधाच्या महत्त्वाच्या कड्यांपैकी काही मुंबईत जुळल्या आहेत.

पारा, हेलियम आणि जमखंडी

नेदरलँड्समधील लायडन येथे हेइके कामरलिंग ओन्स यांनी १९०८ मध्ये हेलियम वायूचे द्रव केले. १९११ मध्ये त्यांनी पारा थंड करीत नेला, तेव्हा ४.२ केल्विनला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला, पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. तो हळूहळू कमी होत गेला नव्हता. मोजमापाच्या पलीकडे गेला होता. या तापमानाला त्या पदार्थाचे संक्रमण तापमान म्हणतात. ॲल्युमिनियमसाठी ते सुमारे १.२ केल्विन, कथिलासाठी ३.७, शिशासाठी ७.२ आणि नायोबियमसाठी ९.२ केल्विन आहे.

ज्या हेलियमवाचून हे सारे अशक्य होते, त्याचा पहिला माग भारतातच लागला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सन आंध्रातील गुंटूर येथे होते. सोलापूरच्या दक्षिणेस, विजापूरच्या पलीकडे असलेल्या जमखंडी या पटवर्धनांच्या संस्थानातही त्याच दिवशी ब्रिटिश अधिकारी जॉन हर्शेल यांनी वर्णपटदर्शक लावून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश तपासला होता. त्या प्रकाशातील पिवळी-नारिंगी रेषा सोडियमची नसून एका नव्या मूलद्रव्याची आहे, हे नंतर स्पष्ट झाले. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल उजाडले.

अतिसंवाहकाचा दुसरा गुण १९३३ मध्ये जर्मनीत वाल्टर माइसनर आणि रॉबर्ट ओक्सनफेल्ड यांना आढळला. असा पदार्थ आपल्या पोटातील चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. चुंबकावर तरंगणाऱ्या काळ्या वडीची जी चित्रे विज्ञान प्रदर्शनांत दिसतात, त्यामागे हा गुण आहे. या दोन्ही गुणांचे कारण सांगायला मात्र १९५७ पर्यंत थांबावे लागले. जॉन बार्डिन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी दाखवून दिले, की पुरेशा थंड धातूत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि साऱ्या जोड्या मिळून एकाच तालावर चालू लागतात.

आषाढीच्या आदल्या दिवशी पंढरपूरच्या रस्त्यावर सुटी गर्दी असते तेव्हा माणूस माणसावर आदळतो, कोणी थांबतो, कोणी मागे रेटला जातो. त्याच गर्दीची दिंडी झाली आणि टाळाच्या ठेक्यावर पावली पडू लागली, की एकट्यादुकट्याला अडवणारा खड्डा दिंडीला अडवू शकत नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचे वागणे काहीसे असे असते. त्यांची शिस्त मोडायला ठरावीक ऊर्जा खर्च करावी लागते. तिला ऊर्जा-अंतर म्हणतात. हे अंतर जितके मोठे, तितकी अतिसंवाहकता चिवट.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. जोडीतील दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना चिकटून नसतात. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये जोडीचा पसारा सुमारे १६०० नॅनोमीटर असतो, कथिलात सुमारे २३०, शिशात ८० च्या आसपास आणि नायोबियममध्ये ४० च्या जवळपास. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सर्वसाधारणपणे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. धातूचा तुकडा एखाद्या जोडीच्या पसाऱ्याएवढा किंवा त्याहून लहान झाला, की जोडीला तुकड्याच्या भिंती जाणवू लागतात. भिंती कशा आहेत, सरळ की वक्र, कोपरे किती, मध्ये छिद्र आहे काय, या गोष्टींना तेव्हाच अर्थ येतो.

सूत तेच, विणकर तोच

मराठीत ‘आकार’ हा शब्द वस्तूच्या रूपासाठीही वापरला जातो आणि तिच्या मोठेपणासाठीही. या विषयात ती गफलत परवडणारी नाही. येथे मोठेपणासाठी आकारमान आणि रूपासाठी घडण असे दोन शब्द वापरले आहेत. कारण शास्त्रज्ञांना या दोहोंचे परिणाम वेगळे करण्यातच अनेक वर्षे घालवावी लागली.

घडणीने गुण बदलतो ही गोष्ट सोलापूरकरांना नवी नाही. त्याच कापसाच्या सुताची चादर विणली तर ती ऊब देते. त्याच सुताचे फंदे उभे ठेवून टेरी टॉवेल विणला तर तो पाणी शोषतो. कापूस बदललेला नसतो, सुताची मांडणी बदललेली असते. टॉवेलमध्ये वाढलेल्या पृष्ठभागाचा हिशेब आहे. अब्जांश जगातील धातूच्या कणातही पृष्ठभागाचे महत्त्व असेच वाढते, कारण त्याच्या एकूण अणूंपैकी मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो. मात्र तेथे त्यापलीकडची आणखी एक गोष्ट घडते. इलेक्ट्रॉन हा लाटेसारखा वागतो आणि लाट भांड्याच्या आकाराप्रमाणे उठते. हंड्यातल्या पाण्याचे तरंग आणि परातीतल्या पाण्याचे तरंग सारखे नसतात.

पट्टी, कडे आणि चौकोन

घडणीचा परिणाम थेट दाखविणारा प्रयोग १९९५ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात झाला. व्हिक्टर मोश्चाल्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या तीन रचना केल्या : एक सरळ रेघ, एक चौकोनी कडे आणि एक भरीव चौकोन. आकारमान मायक्रोमीटरच्या, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या घरातले. तिन्ही रचना एकाच धातूच्या. त्यांना थंड करून चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले आणि कोणत्या तापमानाला किती क्षेत्रात अतिसंवाहकता टिकते याचा आलेख काढला. धातूच सर्वस्व असता, तर तिन्ही आलेख एकच आले असते. ते तीन तऱ्हांचे आले. रेघेचा आलेख गुळगुळीत वळणाचा होता. कड्याच्या आलेखात लाटा होत्या. चौकोनाच्या आलेखातही लाटा होत्या, पण त्यांची ठेवण निराळी होती.

कड्यातील लाटांचे मूळ जुने आहे. विल्यम लिटल आणि रोलंड पार्क्स यांनी १९६२ मध्ये पोकळ नळीसारख्या अतिसंवाहक पापुद्र्यावर प्रयोग करून दाखविले होते, की छिद्रातून जाणारे चुंबकीय क्षेत्र वाढवीत नेले तर संक्रमण तापमान ठरावीक टप्प्यांनी खालीवर होते. दिंडीतल्या तालाला गोल फिरून मूळ जागी परत यावे लागते आणि तेथे ताल चुकून चालत नाही. म्हणून छिद्रातील चुंबकीय प्रवाह ठरावीक मापाच्या पूर्ण पटीतच सोयीचा असतो. अधल्यामधल्या मापाला धातूला किंमत मोजावी लागते. छिद्र नसेल तर हे बंधनही नाही. एक भोक पाडल्याने धातूचे गुणधर्म बदलतात, असे सोप्या शब्दांत म्हणता येईल.

दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, नेदरलँड्समधील नायमेखन येथे आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या एकेकट्या सूक्ष्म चकतीचे चुंबकत्व मोजण्याची युक्ती काढली. चकती लहान असेल तर अतिसंवाहकता हळूवार मावळते, मोठी असेल तर ती झटक्याने जाते, असे त्यांना दिसले. ग्राफीनच्या संशोधनासाठी २०१० चे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच गाइम होत.

कोपऱ्यांची कहाणी अधिक चमत्कारिक आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात चौकोनाच्या मधल्या भागातील अतिसंवाहकता नष्ट झाली, तरी कोपऱ्यांत ती तग धरून राहते. कोपरा जितका निमुळता, तितकी अधिक. क्षेत्र आत शिरते ते भोवऱ्यांच्या रूपाने. प्रत्येक भोवऱ्याभोवती विद्युतप्रवाह फिरत असतो. मोठ्या पत्र्यात हे भोवरे मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे त्रिकोणी जाळी करून बसतात. चिमुकल्या त्रिकोणात किंवा चौकोनात त्यांना भिंतींचे ऐकावे लागते. चौकोनात तीन भोवऱ्यांएवढे क्षेत्र शिरले तर काय होईल, याचा हिशेब लूव्हेनच्याच गटाने २००० मध्ये मांडला. तीन भोवरे चौकोनाच्या चार बाजूंशी जुळत नाहीत. त्यापेक्षा चार कोपऱ्यांकडे चार भोवरे आणि मध्यभागी उलट फिरणारा एक, अशी मांडणी घडणीला अधिक मानवते. चारातून एक वजा, बेरीज तीनच. भूमितीच्या हट्टापायी निसर्ग एक उलटा भोवरा जन्माला घालायला तयार होतो, असा त्या गणिताचा अर्थ.

कुलाब्यातील नायोबियम, श्टुटगार्टमधील कथिल

या कोड्याची दुसरी बाजू आकारमानाची. धातूचा कण किती लहान झाला म्हणजे तो अतिसंवाहक राहणार नाही? फिलिप अँडरसन यांनी १९५९ मध्येच याचे उत्तर सुचवले होते. मोठ्या धातूत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पातळ्या एवढ्या दाटीने असतात, की त्यांचा जणू सलग उतार बनतो. कण लहान होत गेला की त्या उताराच्या पायऱ्या होतात आणि पायऱ्यांची उंची वाढत जाते. दोन पायऱ्यांमधील उंची ऊर्जा-अंतराहून मोठी झाली, की जोड्या जमणे अशक्य. तेथे अतिसंवाहकता संपली पाहिजे.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगीता बोस, प्रताप रायचौधुरी, पुषण अय्युब आणि सहकाऱ्यांनी हे नायोबियमवर तपासले. अब्जांश कणांच्या बनलेल्या नायोबियमच्या पातळ थरांत कणांचे सरासरी आकारमान सुमारे २० नॅनोमीटरच्या खाली गेले, की संक्रमण तापमान उतरू लागते आणि ८ नॅनोमीटरच्या खाली अतिसंवाहकता आढळतच नाही, असे त्यांनी २००५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही मर्यादा अँडरसन यांच्या अनुमानाशी जुळणारी होती. तापमान का उतरते, याचाही त्यांनी छडा लावला. अणूंची कंपने मऊ पडल्यामुळे नव्हे, तर इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या पातळ्यांची दाटी बदलल्यामुळे ते उतरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या थरात असंख्य कण एकत्र होते. एकेका कणाची परीक्षा घेतल्याशिवाय घडणीचा प्रश्न सुटणार नव्हता. डॉ. बोस यांनी पुढे जर्मनीतील श्टुटगार्ट येथील माक्स प्लांक संस्थेत हे काम केले. शिसे आणि कथिल यांचे सुटे सुटे, अर्धगोलाकार कण अत्यंत सपाट पृष्ठभागावर वाढविण्यात आले. एकेका कणावर सूक्ष्मदर्शकाची अणूएवढी टोकदार सुई नेऊन त्याचे ऊर्जा-अंतर मोजण्यात आले. २०१० मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलेल्या या निष्कर्षांनी अनेकांना चकित केले. शिशाचे वागणे अपेक्षेप्रमाणेच होते. कण लहान होत गेला तसतसे ऊर्जा-अंतर घटत गेले. कथिलाने मात्र निराळाच खेळ केला. कणाचे आकारमान कमी करीत नेले तेव्हा ऊर्जा-अंतर सरळ घटण्याऐवजी जोरात खालीवर होऊ लागले. काही आकारमानांना ते मोठ्या तुकड्यातील कथिलापेक्षा तब्बल ६० टक्क्यांनी अधिक भरले. शेजारचाच, किंचित लहान किंवा किंचित मोठा कण घेतला तर ही वाढ नाहीशी होत होती.

याचे कारण घडणीत आहे. चंद्रभागेच्या घाटाची रुंद, बांधीव पायरी घेतली तर एकाच उंचीवर शेकडो माणसे उभी राहू शकतात. तेवढेच दगड नुसते ढीग करून टाकले तर प्रत्येक माणूस वेगळ्या उंचीवर. गोल किंवा अर्धगोल ही घडण बांधीव घाटासारखी आहे. तिच्या सममितीमुळे इलेक्ट्रॉनांच्या अनेक पातळ्या एकाच उंचीवर येऊन त्यांची कवचे तयार होतात, जशी ती अणूत असतात. जोड्या जमण्याच्या ऊर्जेला एखादी भरगच्च पायरी सापडली, की जोड्या भरपूर जमतात आणि अतिसंवाहकता बळावते. कण किंचित बदलला, पायरी सरकली, की तो लाभ जातो. वेड्यावाकड्या घडणीच्या कणात मुळात पायऱ्याच धड नसतात, म्हणून तेथे हा चमत्कार दिसणार नाही. मग शिशात तो का दिसला नाही? शिशात जोडीचा पसारा लहान असल्यामुळे पलीकडच्या भिंतींचा सुगावा जोडीला फारसा लागत नाही.

साठ टक्के हा आकडा ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. संक्रमण तापमान त्याच प्रमाणात वाढले असे धरले, तरी कथिल ३.७ केल्विनवरून सहा केल्विनपर्यंत जाईल. म्हणजे अजूनही उणे २६७ अंश. पण घडण हे एक हत्यार आहे आणि त्याने अतिसंवाहकता केवळ बिघडत नाही, सुधारतेही, हे प्रयोगाने सिद्ध झाले. डॉ. बोस नंतर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील, अणुऊर्जा विभाग आणि विद्यापीठ यांनी मिळून चालविलेल्या मूलभूत विज्ञान केंद्रात अध्यापन व संशोधन करू लागल्या.

वळण जपून घ्यावे

प्रयोगशाळेतून उपकरणाकडे वळले, की घडणीचा प्रश्न पैशांचा होतो. प्रकाशाचा एकेक कण टिपणाऱ्या शोधक उपकरणांत काही नॅनोमीटर जाडीची आणि शंभरेक नॅनोमीटर रुंदीची अतिसंवाहक तार वापरतात. प्रकाश पडण्याची जागा झाकली जावी म्हणून ही तार नागमोडी दुमडलेली असते. क्षमतेच्या अगदी काठावर असलेला प्रवाह तिच्यातून वाहत असतो. प्रकाशकण पडला की तेवढ्या जागी अतिसंवाहकता मोडते आणि संदेश मिळतो. गुप्त संदेशवहनाच्या क्वांटम पद्धतीत अशा उपकरणांना मोठी मागणी आहे.

नागमोडी तारेतली दुमड हीच दुखरी जागा. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह दाटतो, जसा अरुंद वळणावर उसाच्या ट्रॅक्टरांचा दाटतो. तेथे मर्यादा आधी ओलांडली जाते आणि सारी तार तिच्या ऐपतीपेक्षा कमी प्रवाहावर वापरावी लागते. जॉन क्लेम आणि कार्ल बर्गग्रेन यांनी २०११ मध्ये याचे सविस्तर गणित मांडले आणि आतला काटकोन काढून त्याला योग्य वक्रता दिली तर हे नुकसान टाळता येते, हे दाखविले. चौकोनाच्या कोपऱ्याने चुंबकीय क्षेत्रात अतिसंवाहकता सांभाळली होती. तारेच्या कोपऱ्याने प्रवाहात ती घालविली. कोपरा चांगला की वाईट, याचे सरसकट उत्तर नाही.

क्वांटम संगणकाच्या धावपळीतही घडणीला स्थान आहे. पुण्यातील संरक्षण संशोधन व विकास संघटनेची क्वांटम तंत्रज्ञानाची तरुण वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्युबिटच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा त्यात सहभाग होता. त्याचे क्युबिट मुंबईत घडविण्यात आले आणि त्यांना एकमेकांशी जोडण्यासाठी तेथेच शोधलेली वर्तुळाकार अनुनादकाची रचना वापरण्यात आली. क्युबिट एका ओळीत मांडले तर प्रत्येकाचा संबंध शेजाऱ्यापुरताच येतो. वर्तुळावर मांडले तर दूरच्याशीही तो जुळवता येतो. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे सहा हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली होती.

त्याच संस्थेतील मंदार देशमुख यांच्या गटाने २०२४ मध्ये आणखी एक नमुना पुढे ठेवला. बिस्मथयुक्त उच्च-तापमान अतिसंवाहकाचे दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवून वरचा फिरवला, तर त्यांच्या जोडातून एका दिशेने अधिक आणि उलट दिशेने कमी अतिप्रवाह वाहतो. ४५ अंशांच्या कोनाला हा फरक सर्वाधिक होता आणि तो ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत टिकला.

आतापर्यंतच्या बहुतेक रचना कागदावरच्या चित्रासारख्या सपाट होत्या. जर्मनीत ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थेतील एलिना झाकिना व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या झोताने, त्रिमितीय छपाईसारख्या तंत्राने, टंगस्टनयुक्त अतिसंवाहकाचे उभे पूल बांधले. पूल चुंबकीय क्षेत्रात फिरवला, की त्याचे काही भाग अतिसंवाहक राहतात आणि काही राहत नाहीत. तुकडा न बदलता, नुसता वळवून, त्यातील मार्ग चालू-बंद करता येतात.

नाद एक, बेरीज शून्य

सूक्ष्म कण आणि मोठे दावे यांचे नाते मात्र जपून तपासावे लागते. जुलै २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देवकुमार थापा आणि अंशू पांडे यांनी सोन्यात चांदीचे अब्जांश कण असलेला पदार्थ २३६ केल्विनला, म्हणजे उणे ३७ अंशांना अतिसंवाहक होतो, असा दावा केला. सोने आणि चांदी हे दोन्ही धातू एरवी अतिसंवाहक नाहीत. दावा खरा ठरता तर ती शतकाची बातमी होती. अमेरिकेतील ब्रायन स्किनर या तरुण शास्त्रज्ञाने आलेख बारकाईने पाहिले. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजमापांतील खरखर, जी दर वेळी निराळी असायला हवी, ती तंतोतंत सारखी होती. मुंबईचे प्रताप रायचौधुरी यांनी या खरखरीला काही भौतिक कारण असू शकेल काय, यावर जाहीर चर्चा केली. मे २०१९ मध्ये संस्थेच्या मोठ्या गटाने अधिक मोजमापांसह सुधारित लेख ठेवला. त्या दाव्याला इतर प्रयोगशाळांकडून स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एलके-९९ या पदार्थाचा गाजावाजा झाला, तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही तो बनवून पाहिला. अतिसंवाहकता सापडली नाही.

सोलापुरात ती कोठे आहे?

अतिसंवाहकता बघायला कुलाब्याला जाण्याची गरज नाही. शहरातील मोठ्या रुग्णालयांत एमआरआय तपासणीच्या बोगद्यात निजलेला रुग्ण अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यातच निजलेला असतो. दीड टेस्लाच्या यंत्रातील हे वेटोळे नायोबियम-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असते आणि त्याला द्रवरूप हेलियमने सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड ठेवावे लागते. ही तार एकसंध नसते. तांब्याच्या पोटात मिश्रधातूचे असंख्य बारीक तंतू बसविलेले असतात आणि ते पिळलेले असतात, सुताला पीळ देतात तसे. प्रत्येक तंतूच्या आत टायटॅनियमच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या असतात. तार ओढून बारीक करताना या पट्ट्या दुमडत जातात आणि त्यांच्या घड्यांत चुंबकीय भोवरे अडकून पडतात. भोवरा हलला की उष्णता निर्माण होते. तो जागीच खिळलेला राहिला तरच तार मोठा प्रवाह सोसते. निर्दोष, घडी नसलेला मिश्रधातू एमआरआयसाठी निरुपयोगी ठरला असता.

ज्या नव्या पदार्थांनी वीजवाहिन्यांचे स्वप्न पुन्हा जागविले, ते १९८६ मधल्या गेओर्ग बेडनोर्झ आणि आलेक्स म्युलर यांच्या शोधातून आले. १९८७ मध्ये इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ सुमारे ९३ केल्विनला अतिसंवाहक होतो, हे दिसले आणि महागड्या हेलियमऐवजी स्वस्त नायट्रोजन पुरेसा ठरू लागला. जगभर प्रयोगशाळांत भट्ट्या पेटल्या. पश्चिम महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात विद्युतविलेपनाने असे थर चढविण्याचे काम १९९० च्या दशकात झाले. २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत सोलापूरची महाविद्यालये त्याच विद्यापीठाला जोडलेली होती.

हा पदार्थ खापरासारखा ठिसूळ असल्याने त्याची तार ओढता येत नाही. म्हणून धातूच्या लवचिक फितीवर त्याचा सुमारे एक मायक्रोमीटर जाडीचा थर चढवितात. येथेही भोवऱ्यांना खिळवून ठेवावे लागते आणि येथेही घडण निर्णायक ठरते. थरात बेरियम झिर्कोनेटचे अब्जांश कण मिसळले तर ते गोल ठिपक्यांच्या रूपात बसू शकतात किंवा उभ्या खांबांच्या रूपात. भोवरा हा लांबट असतो. खांब त्याला संपूर्ण लांबीभर धरून ठेवतो, पण क्षेत्राची दिशा खांबाला समांतर असेल तोवरच. दिशा तिरकी झाली तर ठिपके बरे. त्यामुळे फीत कोठे वापरायची, चुंबकाच्या वेटोळ्यात की वीजवाहिनीत, हे पाहून खांब आणि ठिपके यांचे प्रमाण ठरवितात.

अशा पदार्थांच्या केबल जमिनीखाली घालून वीज वाहून नेण्याचे प्रयोग झाले आहेत. जर्मनीतील एसेन शहरात २०१४ मध्ये १० किलोव्होल्टची सुमारे एक किलोमीटर लांबीची केबल शहराच्या वीजजाळ्यात प्रत्यक्ष जोडण्यात आली आणि ती काही वर्षे चालली. तिला लागणारा द्रवरूप नायट्रोजन केबलच्या सोबतीने सतत फिरवावा लागे. रायचूर-सोलापूर वाहिनीची लांबी दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात एवढ्या अंतरावर उणे १९६ अंश राखायचे, तर थंडाव्यासाठी लागणारी वीज आणि वाचणारी वीज यांचा हिशेब मांडावा लागतो. दाट वस्तीत, जेथे जागा कमी आणि मागणी मोठी, अशा लहान अंतरांसाठी तो हिशेब आधी जमतो. उघड्या माळरानावरच्या मनोऱ्यांसाठी तो अद्याप जमलेला नाही.